माशांच्या तेलाऐवजी सूक्ष्मशैवालाचे तेल घेतले तर चालते का?

मासे न खाणाऱ्या व्यक्तीने सूक्ष्मशैवालापासून काढलेले ओमेगा-३ तेल घेतल्यास माशांच्या तेलाइतकाच लाभ होतो का, आणि रोज जवस खाणाऱ्याला त्या तेलाची गरज उरते का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर होय असे आहे; मात्र तेल कोणत्या शैवालाचे आहे, हे पाहिल्याशिवाय ते होय पूर्ण होत नाही. दुसऱ्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. मी स्वतः शाकाहारी आहे आणि आहारातील मेदाम्ले, म्हणजे तेला-तुपातील स्निग्धांचे घटक, हा माझ्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

माशांच्या तेलाची ख्याती ज्या दोन मेदाम्लांमुळे आहे, ती म्हणजे ईपीए आणि डीएचए. समुद्रातील बहुतेक मासे ही मेदाम्ले स्वतः फार थोडी तयार करतात. ती तयार होतात पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांमध्ये. या शैवालांना प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खातात, प्राणिप्लवकांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात आणि प्रत्येक पायरीवर तेच मेदाम्ल पुढे जाऊन साठत राहते. म्हणूनच मत्स्यशेतीत माशांच्या खाद्यातून ईपीए आणि डीएचए वगळले, तर त्या माशांच्या मांसातील त्यांचे प्रमाणही घटते. तेव्हा शैवालाचे तेल म्हणजे माशाच्या तेलाची नक्कल, हा समज उलटा आहे. मूळ स्रोत शैवालच आहे आणि मासा हा मधला वाहक आहे.

शैवाले ही मेदाम्ले का बनवतात, याचे एक कारण पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, आहे. मेदाम्लाच्या साखळीतील प्रत्येक दुहेरी बंध त्या साखळीला बाक देतो, आणि बाक असलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत. ईपीएमध्ये २० कार्बन व ५ दुहेरी बंध असतात, तर डीएचएमध्ये २२ कार्बन व ६ दुहेरी बंध. अशा मेदाम्लांमुळे थंड पाण्यातही पटल लवचिक राहते, आणि तापमान उतरले की अनेक शैवाले पटलातील असंतृप्त, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या, मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. आपल्या शरीरातही डीएचएची जागा मुख्यत्वे पटलांतच आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींमध्ये त्याचे प्रमाण फार मोठे असते, आणि मेंदूतील एकूण ओमेगा-३ मेदाम्लांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या डीएचएचा असतो.

आता जवसाकडे येतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे एएलएचा असतो. हेदेखील ओमेगा-३ आहे आणि ते आवश्यक आहे, कारण मानवी शरीर ते मुळीच बनवू शकत नाही. एएलएची साखळी लांबवून आणि तिच्यात आणखी दुहेरी बंध घालून ईपीए व पुढे डीएचए बनवण्याची यंत्रणा आपल्या यकृतात आहे, परंतु ती मंद आहे. आहारातील बराचसा एएलए ऊर्जेसाठी जाळला जातो; शिवाय त्याच यंत्रणेतील विकरांवर (एन्झाइम्सवर) ओमेगा-६ वर्गातील लिनोलेइक आम्लही हक्क सांगत असते, आणि सूर्यफूल, मका किंवा सोयाबीनच्या तेलातून ते आपल्या पोटात भरपूर जाते. त्यामुळे एएलएपासून थोडे ईपीए बनते, पण डीएचएपर्यंत पोहोचणारा भाग अत्यल्प असतो. तरुण स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि त्यामागे इस्ट्रोजेनचा प्रभाव असल्याचे मानले जाते. शाकाहारी लोकांच्या रक्तात डीएचए कमी आढळते ते याच कारणाने. याचा अर्थ प्रत्येक शाकाहारी माणूस आजारी पडतो असा नव्हे, आणि जवस निरुपयोगी आहे असा तर मुळीच नव्हे. जवस खात राहावे. फक्त त्यातून डीएचए मिळते असे गृहीत धरू नये.

याहून मोठी गल्लत ‘शैवाल’ या एका शब्दामुळे होते आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. मी स्वतः बराच काळ स्पिरुलिनाच्या गोळ्या ओमेगा-३ मिळेल या समजुतीने घेतल्या होत्या. स्पिरुलिना हा खरे तर नीलहरित जिवाणूंचा प्रकार आहे. त्यात प्रथिने भरपूर असतात, गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते, परंतु ते ओमेगा-६ आहे. ईपीए किंवा डीएचएसाठी त्याच्याकडे पाहण्यात अर्थ नाही. क्लोरेला हे खरे हिरवे शैवाल असले, तरी त्यातील ओमेगा-३ मुख्यत्वे एएलए, म्हणजे जवसातलेच. नॅनोक्लोरोप्सिस आणि फिओडॅक्टिलम ही शैवाले ईपीए बनवतात. डीएचएसाठी क्रिप्थेकोडिनियम कोहनाय आणि शायझोकायट्रियम हे दोन सजीव प्रामुख्याने वापरले जातात. (काटेकोर वर्गीकरणात शायझोकायट्रियम शैवालांत मोडत नाही, कारण त्याच्याकडे हरितद्रव्यच नाही, व्यवहारात मात्र त्याच्या तेलाला शैवालतेल म्हणण्याची रीत रूढ झाली आहे.) काही शैवालांपासून स्वयंपाकाचे तेलही काढले गेले आहे. ते प्रामुख्याने ओलेइक आम्लाचे, म्हणजे ऑलिव्ह तेलाच्या जातीचे असते. तेही चांगले स्निग्ध द्रव्य आहे, पण ओमेगा-३ची गरज ते भागवत नाही.

डीएचएचे हे सजीव उन्हात, तळ्यात वाढवलेले नसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ते बंद पोलादी टाक्यांत, अंधारात, साखर आणि प्राणवायू पुरवून वाढवले जातात. या पद्धतीचा उगम अंतराळ संशोधनाशी जोडलेला आहे. दीर्घ अंतराळप्रवासात शैवालाचा अन्न व प्राणवायूसाठी उपयोग करता येईल का, यावर नासाच्या पाठबळाने जे काम १९८० च्या दशकात झाले, त्यातील काही शास्त्रज्ञांनी पुढे अमेरिकेतील मेरीलँड राज्यात मार्टेक ही कंपनी उभारली. आईच्या दुधात डीएचए असते, पण बाळांसाठीच्या डब्यातील दुधाच्या भुकटीत पूर्वी ते नसे. ही उणीव क्रिप्थेकोडिनियमच्या तेलाने भरून काढता आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये त्याला हरकत नसल्याचे कळवले आणि २००२ पासून अशी भुकटी तेथे विकली जाऊ लागली. युरोपीय संघात २०२० पासून बाळांच्या भुकटीत डीएचए घालणे बंधनकारकच आहे. समुद्राशी संबंध नसल्याने या तेलात पाऱ्याची चिंता नसते, हे खरे. पण नीट शुद्ध केलेल्या माशांच्या तेलातही पारा नगण्य असतो, हेही सांगायला हवे.

शैवालतेलातील डीएचए शरीरात माशातील डीएचएइतकेच शोषले जाते का, याची तपासणी झालेली आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३२ निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए दिले गेले. काहींना शैवालतेलाच्या कॅप्सूलमधून, काहींना शिजवलेल्या सामन माशातून. रक्तातील डीएचएची वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली.

मात्र सारखे शोषले जाते म्हणजे हृदयविकार टळतो, असा अर्थ काढू नका. ओमेगा-३ पूरकांवरील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल चाचणीत रोज १ ग्रॅम पूरकाने मोठ्या हृदयघटनांमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इट चाचणीत शुद्ध ईपीएच्या ४ ग्रॅम औषधी मात्रेने ती दिसली, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालील उपचार होते. मोठ्या मात्रेने हृदयाची लय अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, असेही आढळले आहे. डीएचएमुळे रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद कमी होतो, परंतु एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, किंचित वाढू शकते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम पुरेसे मानले आहे, आणि गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी त्यावर आणखी १०० ते २०० मिलिग्रॅम डीएचए सुचवले आहे. बाटली घेताना तेलाचे वजन नव्हे, तर डीएचए आणि ईपीएचे स्वतंत्र आकडे वाचावेत. ५०० मिलिग्रॅम तेलाच्या कॅप्सूलमध्ये ४० टक्के डीएचए असेल, तर प्रत्यक्षात २०० मिलिग्रॅम मिळाले. ईपीएही हवे असेल, तर शायझोकायट्रियमचे दोन्ही असलेले तेल पाहावे, कारण क्रिप्थेकोडिनियमच्या तेलात ईपीए जवळजवळ नसतेच. जेवणाबरोबर, त्यातही थोडे स्निग्ध असलेल्या जेवणाबरोबर घेतल्यास शोषण चांगले होते.

हे तेल तळायला किंवा फोडणीला कधीही वापरू नये. जे दुहेरी बंध त्याला मौल्यवान करतात, तेच उष्णता, उजेड आणि हवेपुढे सर्वांत आधी हार मानतात आणि तेल खवट होते. गडद रंगाची बाटली घ्यावी, उघडल्यावर ती थंड जागी ठेवावी आणि उग्र खवट वास आला तर संकोच न करता टाकून द्यावी. तुम्ही रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल किंवा हृदयाच्या अनियमित लयीचा त्रास असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना मात्रेचा आकडा दाखवून विचारावे.