शेतात कोल्हा येतो, कोंबड्या नेतो, फास लावला तर चालेल का?

नाही चालणार, सरळ सांगतो. यूट्यूबवर कोयोटीला (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) फास लावायचे व्हिडिओ दिसतात ते अमेरिकेतले, तिथे बऱ्याच राज्यांत लायसन काढून तसं करता येतं, पण आपल्याकडे कोयोटी नाहीच, आहे तो कोल्हा आणि तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्या कायद्यात फास लावणं म्हणजे शिकारच, नुसता प्रयत्न केला तरी, आणि शिक्षा कमीत कमी 3 वर्षं, वर 25 हजारांपासून पुढे दंड. स्वतःच्या जमिनीत लावला म्हणून सूट नाही.

दुसरं म्हणजे फासाला कोल्हा कुठला नि कुत्रा कुठला ते कळत नाही. गोव्यात सत्तरी-सांगेकडे रानडुकरासाठी काजूच्या बागेत बाइकची क्लच वायर लावतात ना, त्यात बिबटे अडकलेत, आणि वायर कमरेला बसली की जनावर जेवढं ओढतं तेवढी ती आत रुतते, फार वाईट मरण आहे ते.

त्यापेक्षा खुराडं नीट करा. कोल्हा बहुतेक खालून उकरून शिरतो, म्हणून जाळी जमिनीवर संपवायची नाही, तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरायची, वर दगड ठेवायचे. साधी चिकन मेश तो दातांनी फाडतो, वेल्डेड जाळी घ्या, महाग पडते पण टिकते. संध्याकाळीच कोंबड्या आत घ्या आणि मासळीची घाण, मेलेली पिल्लं उघड्यावर टाकू नका, अर्धे कोल्हे त्या वासानेच येतात. बाकी शेतातले उंदीर तोच खातो हो, भातवाल्यांना विचारा.