‘रस्ता नाही’ एवढ्यावर भागत नाही

प्रिय मित्रा,

लोकसभेत ग्रामविकास मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर, म्हणजे मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, होणाऱ्या चर्चेसाठी खासदारताईंचे भाषण तू लिहून पाठवलेस, ते वाचले. भाषा चांगली आहे, पण भाषण गावच्या सभेतले आहे. ‘खेड्यांकडे दुर्लक्ष झाले’ या वाक्याला मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागत नाही. त्यांच्याकडेही ‘खेड्यांसाठी भरीव काम झाले’ असे वाक्य तयार असते, आणि दोन्ही वाक्ये कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहातल्या भाषणांच्या नोंदीत, शेजारी शेजारी पडून राहतात.

आधी वेळेचे बघ. चर्चेचे तास कामकाज सल्लागार समिती ठरवते, ते पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात आणि बोलणाऱ्यांची नावे प्रतोद देतात. छोट्या पक्षातल्या, पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याला पाच मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. दमाने बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तुझा मसुदा चौदाशे शब्दांचा आहे. तो साडेपाचशेवर आण आणि मुख्य मागणी पहिल्या दीड मिनिटात उरकून टाक. घंटा वाजली की उरलेले पान घाईने वाचले जाते आणि आकडे नेमके तिथेच चुकतात.

मग कात्री लाव. नळपाणी योजना काढ, ती जलशक्ती मंत्रालयाकडे आहे. ग्रामपंचायतींचा कारभारही काढ, कारण पंचायती राज 2004 पासून वेगळे मंत्रालय आहे. जिल्हा परिषदेचा रस्ता तर काढच. ‘हा राज्याचा विषय आहे’ या एका वाक्यात तो परत येतो, आणि त्याच्याबरोबर बाकीचे भाषणही हलके होते. उरतात ग्रामसडक, घरकुल, रोजगार, बचत गट, पेन्शन आणि पाणलोट. यातलेही दोनच विषय घे.

रस्त्याचा परिच्छेद तू ‘नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यांना आजही रस्ता नाही’ असा लिहिला आहेस. खरे आहे, पण यातून मागणी निघत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा 2024 मध्ये मंजूर झाला: 62,500 किलोमीटर रस्ते, 25,000 वस्त्या, 70,125 कोटी रुपये. पात्रता 2011 च्या जनगणनेवरून ठरते. सपाटीवर वस्तीची लोकसंख्या किमान 500 हवी, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात 250. आता 240 माणसांचा पाडा घे. कागदावर तो बाद. पण योजनेच्या नियमांत जवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची सोय आहे: सपाटीवर 500 मीटरच्या आत, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आत. नकाशावर दोन पाड्यांमधली सरळ रेषा मोजली की एक आकडा येतो, नाल्याला वळसा घालून जाणारी वाट मोजली की दुसरा. म्हणून भाषणात वाक्य असे यायला हवे: अमुक तालुक्यातले इतके पाडे एकेकटे मोजल्यामुळे वगळले गेले, त्यांची लोकसंख्या एकत्र धरून फेरसर्वेक्षण करणार का आणि कोणत्या महिन्यापर्यंत? पाड्यांची यादी नावनिशीवार, जनगणनेच्या आकड्यासह जोडून ठेव. ती सभागृहात वाचायची नाही. चर्चेनंतर मंत्र्यांच्या कार्यालयात पत्रासोबत द्यायची.

पेन्शनचा परिच्छेद तू शेवटी टाकला आहेस, तो वर घे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, आणि 2007 पासून तो हललेला नाही. ऐंशीच्या पुढे 500. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेतून राज्य भर घालते म्हणून म्हातारीच्या हातात 1,500 पडतात. त्यात दिल्लीचे 200 हे तिला माहीतही नसते. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने ही रक्कम वाढवायला वारंवार सांगितले आहे. समितीच्या अहवालातली शिफारस आणि त्यावर सरकारने दिलेले उत्तर, ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली की विशेषणे लावावी लागत नाहीत. समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात, त्यामुळे ‘विरोधकांचा आरोप’ म्हणून ती झटकताही येत नाही.

एकूणच समितीच्या अहवालांना कमी लेखू नकोस. डिसेंबर 2004 मध्ये आलेल्या रोजगार हमी विधेयकात फक्त गरीब कुटुंबांना हक्क होता. स्थायी समितीने ती अट काढायला सांगितली, आणि 2005 चा कायदा प्रत्येक ग्रामीण कुटुंबासाठी झाला.

अर्थसंकल्पाच्या तक्त्यात बहुतेकांचा पाय घसरतो. तिथे चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाची तरतूद. मनरेगाचा, म्हणजे याच रोजगार हमीचा, 2020-21 चा मूळ अंदाज 61,500 कोटींचा होता, सुधारित 1,11,500 कोटींचा, आणि 2021-22 ची तरतूद 73,000 कोटी. मूळ अंदाजाशी तुलना केली तर जवळपास 19 टक्के वाढ, सुधारित अंदाजाशी केली तर 34 टक्क्यांहून जास्त कपात. खोटे कोणीच बोलत नाही. तू कोणता रकाना धरला आहेस हे वाक्यातच सांग, नाहीतर समोरचा दुसरा रकाना वाचून दाखवेल आणि ताईंना मान खाली घालावी लागेल.

आता मराठीबद्दल. ताईंनी मराठीतच बोलावे, दुभाष्यांची सोय आहे. आधी कळव आणि जमल्यास भाषणाची प्रत त्यांना दे. पण आकडे दुभाष्यांच्या सोयीने लिही. ‘अडीचशे’, ‘पावणेदोन लाख’, ‘एकोणसाठ’ हे कानाला सरळ वाटतात. इंग्रजीत जाताना एकोणसाठचे एकोणसत्तर व्हायला अर्धा सेकंद पुरतो. ‘दोनशे पन्नास’, ‘एक लाख पंच्याहत्तर हजार’ असे लिही आणि प्रत्येक आकड्यानंतर श्वास घ्यायची खूण कर.

कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव, विसरू नकोस. सांकेतिक कपात 100 रुपयांची असते, धोरणाविरुद्धची असेल तर मागणी 1 रुपयावर आणा असे म्हणायचे. मंजूर होत नाही, व्हावी अशी अपेक्षाही नसते. पण त्यात तक्रार नेमकी लिहावी लागते, ती छापील यादीत येते आणि सभागृहासमोर राहते. सूचना किमान एक दिवस आधी पोहोचली पाहिजे. दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेला येतात, बाकीच्या एकगठ्ठा मताला टाकतात. ग्रामविकासाची पाळी आली नाही तर हेच साडेपाचशे शब्द सभागृहात एखादा मुद्दा मांडू देणाऱ्या नियम 377 खाली अडीचशे शब्दांत बसवता आले पाहिजेत, म्हणून लहान मसुदाही आत्ताच करून ठेव.

भाषणाच्या आधी प्रश्न टाकायला हवा होता; पुढच्या अधिवेशनासाठी लक्षात ठेव. पूर्ण 15 दिवसांची सूचना लागते, एका दिवशी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात, आणि कोणते येतील ते सोडतीवर ठरते. आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा, तालुकावार तक्ता लेखी मिळतो. तारांकिताचा फायदा दोन पुरवणी प्रश्नांचा. 150 शब्दांची मर्यादा पाळ, प्रश्नात मत घालू नकोस, आणि संकेतस्थळावर जे दिसते ते विचारू नकोस. प्रश्न तिथल्या तिथे नाकारतात.

गटविकास अधिकाऱ्याचे नाव मसुद्यातून लगेच काढ. पूर्वसूचना न देता व्यक्तीवर आरोप करता येत नाही, आणि तो शब्द कामकाजातून काढला गेला की त्याच्या आजूबाजूचा मुद्दाही लंगडा होतो. पद सांग, तालुका सांग, किती हप्ते थकले ते सांग.

मंत्री उत्तर देताना लक्ष ढळू देऊ नकोस. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘विचार करू’ असे शब्द आले की वेळेसह जसेच्या तसे लिहून घे. ते आश्वासन धरले जाते, पूर्ततेची मुदत तीन महिने असते आणि ते तपासायला शासकीय आश्वासन समिती आहे. कार्यवृत्ताची प्रत दुरुस्तीला आली की आकडे त्याच दिवशी ताडून पाहा. ऐकण्यातली चूक सुधारता येते, ताईंना नंतर सुचलेले वाक्य घुसवता येत नाही. डायरीत तीन महिन्यांनंतरच्या तारखेवर मंत्र्यांचे वाक्य आणि पाड्यांच्या यादीच्या पत्राचा जावक क्रमांक लिहून ठेव.

सुधारलेला मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. पाड्यांची यादी सोबत हवी.

तुझा,
एक जुना सहकारी