ज्ञानार्जन, ज्ञानप्राप्ती की ज्ञानसंपादन?

प्रश्न असा आहे: तज्ज्ञांकडचे ज्ञान मिळवून ते संगणकात रचून ठेवणाऱ्या साधनांवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे, त्यात ‘नॉलेज ॲक्विझिशन’ला ज्ञानार्जन म्हणावे, ज्ञानप्राप्ती म्हणावे की आणखी काही?

ज्ञानप्राप्ती आधी बाजूला ठेवू. त्या शब्दामागोमाग बोधिवृक्ष येतोच. ज्ञानार्जन चूक नाही, पण अर्जन करणारा ते स्वतःसाठी करतो. विद्यार्थी ज्ञानार्जन करतो, कमावता माणूस अर्थार्जन. (कचेरीत देतो तो ‘अर्ज’ याचा कोणी लागत नाही, तो अरबीतून आलेला.) इथे ज्ञान एकाचे, ते काढून घेणारा दुसरा आणि साठवणारे यंत्र.

माझे मत ज्ञानसंपादनाला. ‘संपादन’ मराठीत दोन कामे करतो. यश संपादन किंवा भूसंपादन म्हणताना तो ‘मिळवणे’ असतो, आणि संपादकाच्या टेबलावर मजकूर तपासून नीट लावणे. या साधनांना नेमकी हीच दोन्ही कामे करावी लागतात. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही जिवाणुसंसर्गाचे निदान आणि औषध सुचवणारी प्रणाली तयार झाली. तिच्यात ‘अमुक लक्षणे असतील तर तमुक जिवाणूचा संशय घ्यावा’ अशा धाटणीचे काहीशे नियम होते. त्यांत भर घालण्यासाठी रँडल डेव्हिस यांनी ‘टायरेसियस’ हे साधन केले. डॉक्टरने नवा नियम सांगितला की ते तो आधीच्या नियमांशी ताडून पाही. त्या जातीच्या इतर नियमांत सहसा असणारी एखादी अट इथे नसेल, तर ‘ही राहून गेली का?’ असे विचारी. हे समासात प्रश्नचिन्ह काढणाऱ्या संपादकाचेच काम झाले. अर्जनात ही छटा येत नाही.

लेखात ‘एलिसिटेशन’ही येईलच. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवू नका, ‘वदवून घेणे’ तयार आहे. जाणकाराला आपण निर्णय कसा घेतो हे सरळ विचारले तर बहुधा सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते अंगात मुरलेले असते. जॉर्ज केली या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एक साधी युक्ती होती: तीन गोष्टी पुढे ठेवायच्या आणि विचारायचे, यांतल्या कोणत्या दोन सारख्या, आणि तिसरी कशाने वेगळी? उत्तर देताना माणूस आपले निकष आपणच बोलून जातो. १९८० च्या दशकात काही संगणकीय साधनांनी हीच युक्ती उचलली.

दोन किरकोळ गोष्टी. ‘तज्ज्ञ’ हा तद् आणि ज्ञ मिळून झाला आहे, म्हणून ‘तज्ञ’ नको. आणि शीर्षकात ‘स्वयंचलित’ घालण्याआधी थोडे थांबा: अशा साधनांत प्रश्न आपोआप येत असले, तरी उत्तरे तज्ज्ञालाच द्यावी लागत. ‘संगणकाच्या मदतीने ज्ञानसंपादन’ लांब आहे, पण खरे आहे.