मिथाइल पारा, चेतापेशी आणि गुणसूत्रे : एका नव्या संशोधक विद्यार्थिनीस पत्र

ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा काळजीपूर्वक वाचला. खाडीची मासळी ज्यांच्या रोजच्या जेवणात असते अशा कोळीवाड्यांच्या शेजारी, नवी मुंबईत राहून तू मिथाइल पाऱ्याचा, म्हणजे मासळीत साठणाऱ्या पाऱ्याच्या विषारी संयुगाचा, विषय निवडलास, याचे मला मनापासून समाधान वाटले.

मात्र ‘चेतापेशींतील गुणसूत्रीय बदल तपासणे’ हे उद्दिष्ट तू एका ओळीत उरकले आहेस, ते तसे राहू देऊ नकोस. परिपक्व चेतापेशी विभाजित होत नाही आणि गुणसूत्रे सुटी, मोजता येतील अशी दिसतात ती विभाजनाच्या मध्यावस्थेत. त्यामुळे तुला लिम्फोसाइट (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किंवा चेतापेशींच्या पूर्वपेशी वाढवाव्या लागतील, आणि लिम्फोसाइटमध्ये आढळलेला बदल चेतापेशीच्या नावावर मांडता येणार नाही.

चेतापेशीची इजा आणि गुणसूत्रांतील बदल या दोन प्रश्नांना जोडणारा खरा दुवा ट्युब्युलिन हे प्रथिन आहे. मिथाइल पारा या प्रथिनातील गंधकयुक्त थायॉल गटांना घट्ट चिकटतो आणि त्यापासून बनलेल्या सूक्ष्मनलिका विस्कटतात. चेतापेशीच्या अक्षतंतूतील वाहतूक याच नलिकांवरून चालते आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे नेणारा तंतूंचा सांगाडा, म्हणजे तर्कू, हाही त्यांचाच असतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीस आला. तेथे स्वतःला फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. गर्भाच्या मेंदूत पूर्वपेशींचे विभाजन वेगाने सुरू असते, हे लक्षात घेतलेस तर तुझा प्रश्न कुठे रोवायचा ते आपोआप स्पष्ट होईल.

आता पद्धतीविषयी. मध्यावस्थेत पेशी अडवण्यासाठी आपण सवयीने कोल्चिसिन घालतो, पण तेही ट्युब्युलिनलाच बांधले जाते. म्हणजे ज्या तर्कूवरील परिणाम तुला पाहायचा आहे, तोच आपण हाताने झाकून टाकतो. त्याऐवजी केंद्रक विभागले तरी पेशी दुभंगू न देणारे सायटोकॅलॅसिन-बी वापरून सूक्ष्मकेंद्रक चाचणी कर, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली छोटी केंद्रके मोज. सूक्ष्मकेंद्रकात सेंट्रोमियरची (गुणसूत्र तर्कूला जिथे जोडले जाते त्या भागाची) खूण दिसली तर बहुधा अख्खे गुणसूत्र मागे राहिले आहे, न दिसली तर तो तुटलेला तुकडा असण्याचा संभव अधिक. हा भेद तुझ्या कामाचा कणा आहे. मध्यावस्थेच्या स्लाइड वेगळ्या करशीलच, पण पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत त्या सावकाश वाळतात आणि गुणसूत्रांचे पसरणे बदलते, म्हणून नियंत्रित व प्रायोगिक नमुने एकाच बैठकीत तयार कर आणि मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणता हे कळू देऊ नकोस.

मरणाऱ्या पेशीतही डीएनए तुटतोच. तेव्हा कोणत्या मात्रेला किती पेशी जिवंत राहतात याचा तक्ता आधी मला पाठव. सेंट्रोमियरची खूण दाखवणाऱ्या प्रोबची मागणी त्यानंतर नोंदवू.

तुझा मार्गदर्शक