'तापचित्रण' म्हणावं का, आणि कॅमेरा भावना 'ओळखतो' का?

नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलीने विचारलंय की थर्मल कॅमेऱ्याने चेहरा बघून भावना ओळखायच्या असा तिचा प्रोजेक्ट आहे, तर मराठी पोस्टरवर 'तापचित्रणाद्वारे भावना ओळख' लिहिलं तर चालेल का.

'तापचित्रण' नको. ताप म्हटलं की आपल्याकडे आधी आजारच आठवतो, त्यात कोरोनात कपाळाकडे धरायचे त्या थर्मल गन सगळ्यांनी बघितल्यात, त्यामुळे लोकांना वाटेल तुम्ही ताप मोजताय. 'उष्णताचित्रण' चालेल, नाहीतर सरळ 'थर्मोग्राफी' लिहा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्सवाले इलेक्ट्रिक पॅनलमधलं तापलेलं लूज कनेक्शन शोधायला हीच करतात आणि हाच शब्द बोलतात.

पण मला जास्त खटकतंय ते 'ओळख'. कॅमेऱ्याला दिसतात ते कातडीतून बाहेर पडणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, साधारण 8 ते 14 मायक्रोमीटरचे, आणि त्यावरून कळतं फक्त तापमान. टेन्शन आलं की नाकाच्या शेंड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि शेंडा गार पडतो. 2002 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पावलिडिस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांभोवतीची कातडी गरम होते त्यावरून खोटं बोलणारा पकडता येईल असं मांडलं होतं, त्यावर पुढे बराच वादही झाला. मुळात अडचण साधी आहे, गार नाक भीतीचं, गणित सोडवतानाच्या ताणाचं, की जानेवारीत पहाटे निफाडहून बाइकवर आल्याचं हे त्या चित्रात कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून तर माणसाला आधी खोलीत थोडा वेळ शांत बसवतात आणि मगच रीडिंग घेतात. म्हणून 'चेहऱ्याच्या थर्मोग्राफीवरून भावनांचा अंदाज' असं लिहा. अंदाज हा शब्द कमीपणाचा नाहीये, हवामानखातंही अंदाजच देतं आणि आपण तो मानतो.

समजावून सांगताना 'हातपाय गार पडले', 'कानशिलं तापली' हे बिनधास्त वापरा, उष्णतेचीच भाषा आहे ती, आणि गार पडण्यामागे रक्तवाहिन्या आकसण्याचीच भानगड असते. 'चेहरा उतरला' मात्र टाळा, ते डोळ्यांना दिसतं, कॅमेऱ्याला नाही. आणि 'लालबुंद' तर अजिबात नको, थर्मल फोटोतला लाल रंग सॉफ्टवेअरने भरलेला असतो, पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, बदलली की तोच गाल पांढरा नाहीतर पिवळा दिसतो, आणि बघणारे लाल चेहरा म्हणजे राग असं धरून बसतात. फोटोशेजारी कोणता रंग म्हणजे किती तापमान हे सांगणारी अंशांची पट्टी नक्की छापा.