शेठचं लक्ष सीसीवर, माझं सेन्सरवर

“मॅडम, तीनदा प्रेझेंटेशन केलं. तिन्ही वेळा शेठ म्हणाले, ‘बघू दिवाळीनंतर.’ त्यांना यातलं काही कळतच नाही. आता वाटतं, नोकरीच बदलावी.”

गृहस्थ भोसरीतल्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे, टेक्निकल हेड. डिप्लोमा करून लागले आणि १८ वर्षांत इथवर आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) तांत्रिक पदावरची माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा निम्म्या वेळा हेच गाऱ्हाणं असतं. ते मी कधी हसण्यावारी नेत नाही. आपल्याला लख्ख दिसणारी गोष्ट वरच्याला दिसूच नये, याचा त्रास माणसाला आतून पोखरतो. त्यांची झोप उडाली होती, घरी मुलीवर उगाच ओरडणं व्हायचं.

प्रस्ताव काय होता, ते त्यांनी माझ्याच वहीत काढून दाखवलं. सगळ्या १४ प्रेसना सेन्सर, कंपनं आणि तापमान स्क्रीनवर, शिवाय रोजचा ओईई. म्हणजे मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं आणि माल किती चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. “तिन्ही ९० टक्के असले तरी हातात ७३च येतात, मॅडम!” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. काम मनापासून आवडणारा माणूस.

मी विचारलं, “शेठ सकाळी आल्यावर पहिला फोन कोणाला करतात?”

“अकाउंटंटला. सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची उचल, किती शिल्लक आहे, विचारतात.”

“तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये सीसीचा उल्लेख कुठे होता?”

बराच वेळ ते टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कुठेच नाही.”

मी त्यांना एकच काम दिलं. आठवडाभर लॅपटॉप उघडायचा नाही, रोज अर्धा तास अकाउंटंटजवळ बसायचं आणि पैसा कुठे अडकतो ते विचारायचं. ते नाखूश होते. “मी इंजिनिअर आहे, हिशेब बघणं माझं काम नाही.” पण गेले.

परत आले ते वेगळेच. पत्र्याच्या कॉइलचे पैसे लगेच द्यावे लागतात, गिऱ्हाइकाकडून यायला दोन महिने लागतात आणि मधल्या काळात तयार माल बिनमध्ये भरून तीन तीन आठवडे शेडमध्ये पडून असतो. सीसी तिथं अडकली होती. एवढा माल का काढायचा? तर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दोन तासांवर वेळ जातो. म्हणून एकदा डाय चढली की सुपरवायझर तीन आठवड्यांचा माल एका दमात काढून ठेवतो. त्याच्या जागी त्याचंही बरोबरच होतं.

यावरचा उपाय त्यांना पाठ होता. शिगेओ शिंगो या जपानी उत्पादनतज्ज्ञांनी टोयोटात १९६९च्या सुमारास हजार टनी प्रेसवरची चार तासांची डाय-बदली आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली. मशीन चालू असताना जे करता येतं, ते मशीन थांबवून करायचं नाही, हे त्याचं मूळ. हे ट्रेनिंग त्यांनी दोनदा घेतलं होतं. पण त्या ट्रेनिंगचा आणि शेठच्या सकाळच्या फोनचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मग ते मोबाइलवर वेळ लावून डाय-बदलीजवळ उभे राहिले. एकूण १३० मिनिटं. फोर्कलिफ्ट मोकळी नाही म्हणून २५ गेली. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, त्यामुळे फिटर पाना शोधत दोनदा स्टोअरला गेला. पहिला पीस पास करणारा इन्स्पेक्टर दुसऱ्या शेडमध्ये, त्यात आणखी २०. प्रेस थांबवल्याशिवाय होणारच नाही असं काम जेमतेम ३५ मिनिटांचं.

नवा प्रस्ताव एका पानाचा झाला. त्यात सेन्सर हा शब्दच नव्हता. एक प्रेस, डाय ठेवायची ट्रॉली, एकाच मापाचे क्लॅम्प, आणि माल तीन आठवड्यांवरून एका आठवड्यावर आला तर सीसी किती मोकळी होईल, तो आकडा. अकाउंटंटनं स्वतः काढून दिलेला. शेठ म्हणाले, “एका प्रेसवर दाखव करून.”

मालक कधी कधी खरंच ऐकत नाहीत. प्रामाणिक प्रयत्न करूनही दार बंदच राहिलं तर नोकरी बदलायला मी स्वतः मदत करते. पण त्याआधी हा आठवडा अकाउंटंटजवळ घालवा, असा माझा आग्रह असतो.

चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्या प्रेसजवळचे बिन खूप कमी झाले होते. शेठ शेडमधून फिरताना तिथं थांबले आणि म्हणाले, “माल आता आठवड्याचाच हातात. हा प्रेस मध्येच बंद पडला तर गिऱ्हाइकाची लाइन थांबेल की रे. आधी कळायची काही सोय आहे का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, आहे. उद्या सकाळी कागद आणतो. एकाच प्रेसचा.”