वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांच्या परीक्षा, जादा वेळ आणि लेखनिक

प्रश्न : मी एमबीबीएस आहे. लिहायला लागलं की उजव्या हाताची बोटं आखडतात, हात थरथरतो. जिल्हा रुग्णालयाने २५ टक्के दिव्यांगत्व लिहून दिलं आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी जादा वेळ मागायचा म्हटलं की दोन उत्तरं ऐकायला मिळतात : ४० टक्के भरत नाहीत, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर असते, लिहायचंय कुठे? (सांगली जिल्हा)

उत्तर : जरूर मागा. दोन्ही उत्तरं ऐकून मागे फिरायचं कारण नाही. ४० टक्क्यांची अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासाठी आहे. लेखनिक (उमेदवार सांगेल ते लिहून देणारा) आणि जादा वेळ नाकारायला ती वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितलं. त्या उमेदवारालाही रायटर्स क्रॅम्पच होता, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार खटल्यात न्यायालयाने तीच भूमिका पुन्हा ठामपणे मांडली.

तासामागे किमान २० मिनिटं जादा हा नियम आहे. नीट-पीजी साडेतीन तासांची, म्हणजे ७० मिनिटं. पेपर आता ४०-४० प्रश्नांच्या पाच वेळबद्ध भागांत असतो आणि एक भाग बंद झाला की मागे जाता येत नाही. तेव्हा जादा वेळ प्रत्येक भागात कसा विभागला आहे ते डेमो टेस्टमध्ये आणि माहितीपुस्तिकेत आधीच बघून ठेवा. शेवटी एकरकमी ७० मिनिटं मिळतील असं धरून चाललात तर पहिल्याच भागात गडबड होईल.

खरी अडचण कागदांत येते. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचं प्रमाणपत्र वेगळं आणि परीक्षेसाठीचं वेगळं. दुसऱ्यात 'या उमेदवाराला लिहिण्यात मर्यादा आहे' असं ठरलेल्या नमुन्यात यावं लागतं. ४० टक्क्यांखालच्यांसाठी ते सरकारी आरोग्यसंस्थेच्या वैद्यकीय मंडळाकडून, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, घ्यायचं. २०२२ च्या नमुन्यात त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने आहे. उत्साहाने वर्षभर आधी काढलेला कागद म्हणूनच परीक्षेच्या दिवशी निरुपयोगी ठरतो. खासगी न्यूरॉलॉजिस्टचे रिपोर्ट सोबत न्या, पण त्यांच्यावर भागत नाही. मंडळापुढे नुसतं निदान सांगू नका. माउस किती वेळ धरता येतो, स्क्रोल करताना काय होतं, एका प्रश्नाला इतरांपेक्षा किती जास्त वेळ लागतो, हे नोंदवायला सांगा. 'कॉम्प्युटरवर लिहायचंय कुठे' या शंकेला उत्तर तिथेच मिळतं.

अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना रिकामा राहिला असेल तर दुरुस्तीच्या मुदतीत भरा. हॉल तिकीट मिळेल त्याच दिवशी त्यावर सोय छापली आहे का ते तपासा, आणि नसेल तर ईमेल करून पोच जपून ठेवा. केंद्रावर 'आम्हाला सूचना नाही' म्हणत वेळ नाकारल्याची उदाहरणं आहेत. २०२१ च्या नीट-यूजीत, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेत, असं झालं तेव्हा अवनी प्रकाश खटल्यात न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या एनटीएला फटकारलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. नंतरचा दिलासा अपुरा असतो, म्हणून सोय मंजूर केल्याच्या आदेशाची छापील प्रत केंद्रप्रमुखांना पेपर सुरू होण्याआधीच दाखवा.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला लेखनिक घ्यायचा आहे. कुणाला घ्यावं? (पुणे)

उत्तर : केंद्राच्या २०१८ च्या तत्त्वांत स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं आणि तसं हमीपत्र भरून द्यावं, अशी अट होती; २०२५ मध्ये केंद्राने नवी तत्त्वं काढली, म्हणून आजची अट विद्यापीठाकडून विचारून घ्या. विद्यापीठाच्या परिपत्रकात आणखी अटी असतील तर त्या पाळाव्याच लागतील. विद्यापीठानेच लेखनिक दिला तर परीक्षेआधी त्याला भेटण्याची संधी मागा. ती सोडू नका.

घोटाळा होतो तो शब्दांत. औषधांची आणि जिवाणूंची नावं ऐकून लिहिताना चुकतात आणि तपासणाऱ्याला वाटतं विद्यार्थिनीलाच येत नाही. अवघड नाव अक्षर-अक्षर सुटं सांगायची सवय हवी. आकृतीही बोलून काढून घेता आली पाहिजे : आधी चौकट, मग भाग, शेवटी नावं. पूर्ण तीन तासांचे दोन सराव पेपर, अधिक एक तास धरून, त्याच लेखनिकासोबत सोडवा. घसा दुखतो आणि लेखनिकाचा हातही दुखतो, हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. एखादा बदली लेखनिक तयार ठेवा.

प्रश्न : एकाला ७० मिनिटं जास्त, दुसऱ्याला नाही, आणि गुणवत्तायादी एकच. हा इतरांवर अन्याय नाही का? आयसीयूत जादा वेळ कोण देतं? (नागपूर)

उत्तर : नीट-पीजी ज्ञान आणि निर्णय मोजते, माउसचा वेग नाही. क्लिक करायला ज्याला तिप्पट वेळ लागतो त्याचं निदान तिप्पट सावकाश नसतं. आयसीयूतलं काम जमतं की नाही हे प्रॅक्टिकलमध्ये, इंटर्नशिपमध्ये, रेसिडेन्सीत पाहिलं जातं, आणि पाहायलाच हवं.

न्यायाची काळजी असेल तर पाळ्यांचा प्रश्न मोठा होता. २०२४ ची नीट-पीजी दोन पाळ्यांत झाली. प्रश्नपत्रिका वेगळ्या, म्हणून क्रमांक पर्सेंटाइलने, म्हणजे आपल्या पाळीतले किती टक्के उमेदवार मागे आहेत यावरून, लावले. त्यात दोन्ही पाळ्यांतली मुलं सारख्या तयारीची आहेत असं गृहीत धरावं लागतं, आणि एका गुणावर शेकडो क्रमांक हलतात तिथे हे गृहीतक फार महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०२५ ला एकच पाळी घ्यायला सांगितलं आणि ३ ऑगस्टला परीक्षा तशी झाली. तो फेरबदल लाखो उमेदवारांच्या हिताचा होता. ७० मिनिटं काढून घेतली असती तर त्यांच्यापैकी कुणाचंही भलं झालं नसतं.

प्रश्न : मुलाला बोलण्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे. नीटमध्ये क्रमांक आला तरी 'अपात्र' ठरवतील का? (लातूर)

उत्तर : निव्वळ टक्केवारी बघून नाही. ओमकार गोंड खटल्यात १५ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ठरवलं की मंडळाने अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का ते तपासायचं, आणि नकार दिला तर कारणं लिहून द्यायची. प्रवेशासाठीची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रांवरच होते. मुंबईत जे. जे., हाजी अलीची पुनर्वसन संस्था आणि वांद्र्याची अलीयावर जंग वाचा-श्रवण संस्था ही आजवरच्या यादीतली केंद्रं. यंदाची यादी बघूनच तारीख घ्या, कारण प्रवेशफेरीच्या आठवड्यात तिथे रांग लागते. तोंडी 'अनफिट' ऐकून घरी येऊ नका. लेखी कारण मागा, अपिलाला तेच लागतं.

प्रश्न : अमेरिकेत यूएसएमएलई, म्हणजे डॉक्टरांच्या परवान्याची परीक्षा, देणार आहे, बाळ चार महिन्यांचं आहे. दूध काढायला वेळ मिळतो का? (नाशिकहून न्यू जर्सीला गेलेल्या वाचक)

उत्तर : दिवसभराच्या परीक्षेत नेहमीची सुट्टी सगळी मिळून तासभरही नसते. बाहेर पडताना सही, आत येताना झडती, हा वेळही त्यातूनच जातो. त्यामुळे ती पुरत नाही. सुट्टीचा जादा वेळ मागता येतो; याच मागणीवरून एका विद्यार्थिनीने लढलेला खटला मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्ये तिच्या बाजूने लागला. विनंती तारीख ठरवण्याआधी, नोंदणीसोबतच करा. छाननीला सुमारे दोन महिने धरून चाला. आणि एखादा भाग लवकर संपवलात तर उरलेली मिनिटं सुट्टीत जमा होतात, त्याचाही हिशेब मांडा.